निरंक लिहिलेला माळ

आमच्या नगर जिल्ह्यात कोळसा नाही. खाली सगळा काळा पाषाण, त्याच्यावर वीतभर मुरूम आणि मुरमावर जमेल तसं गवत. शाळेतल्या भूगोलात हे आहे, विहिरी खणणाऱ्यांना ठाऊक आहे आणि मलाही ठाऊक होतं. तरी काही वर्षांपूर्वी मे महिन्यात, भर उन्हात, आमच्याच गावच्या माळावर उभी राहून मी कोळशाच्या खाणीचा फॉर्म भरत होते.

त्याचं असं झालं. मी नगरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे तास असला तर मी मॅडम, नसला तर घरी. मे महिन्यात तास नसतात, त्यामुळे मे महिन्यात मी कुणालाही लवकर हो म्हणते. अशातच एका सल्लागार कंपनीच्या साहेबांचा फोन आला. तुमच्या गावाजवळ दगडाची मोठी खाण आणि खडी क्रशर प्रस्तावित आहे, परवानगीच्या आधी भोवतालच्या जमिनीवर काय उगवतं, काय चरतं, काय उडतं याची यादी करावी लागते, त्यासाठी स्थानिक आणि शिकलेलं माणूस हवं आहे. ‘स्थानिक आणि शिकलेलं’ ऐकून मी इतकी फुगले की पुढचं नीट ऐकलंच नाही.

साहेबांच्या कंपनीचं नेहमीचं काम विदर्भात, कोळशाच्या खाणींचं. तिकडच्यासाठी छापलेले फॉर्मच त्यांनी इकडे आणले होते. वर ‘प्रस्तावित कोळसा खाण’ असं होतं, त्यातला ‘कोळसा’ पेनाने खोडून वर ‘दगड’ लिहिलेलं. आत सागाची झाडं किती, बांबूची बेटं किती, मोहाची फुलं वेचणारी कुटुंबं किती. प्राण्यांच्या पानावर वाघ, अस्वल, रानगवा आणि सांबर यांच्यासाठी ऐसपैस छापील रकाने आणि खाली ‘इतर’ म्हणून बोटभर जागा. गवताला रकानाच नव्हता. मी साहेबांना तसं दाखवलं तर ते म्हणाले, “मॅडम, गवत काय, सगळीकडेच असतं.” मी मान डोलावली. वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या बाईने तिथेच फॉर्म परत द्यायला हवा होता.

आता थोडं घरचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं. माझ्या वडिलांनी ती सोडली आणि भिंगारला लष्कराच्या कार्यालयात नोकरी धरली. त्यामुळे मी क्वार्टरमध्ये वाढले, बिगुलावर उठले, आणि भिंगारच्या जुन्या बाजारात भाजीवाल्याशी हुज्जत घालायला शिकले. वडिलांचे धाकटे भाऊ मात्र गावीच राहिले आणि त्यांनी मेंढरं राखली. त्यांना आम्ही सगळे आप्पा म्हणतो. सुट्टी लागली की पाथर्डीच्या रस्त्याने जाणारी एस.टी. धरायची आणि आप्पांच्या घरी जायचं, हे आमचं ठरलेलं.

सकाळी वाघूर, म्हणजे मेंढरांभोवती लावायची जाळी, सोडायच्या आधी आप्पा मेंढरांवरून नजर फिरवायचे. त्यांना मोजावी लागत नसत, चेहऱ्यांवरून कळायचं. कधी एखादं कोकरू दिसायचं नाही. मग काकू विचारायच्या, “पाहुना आल्ता का?” आप्पा म्हणायचे, “जेवून गेला.” एवढंच. आरडाओरडा नाही, शिव्याशाप नाहीत. लांडगा हा शब्द आमच्या घरात कोणी उच्चारत नसे. मला बरीच वर्षं वाटायचं की हा पाहुणा नात्यातलाच कोणीतरी आहे आणि अगदीच असभ्य आहे, कारण तो कधी थांबत नाही, कुणाशी बोलत नाही आणि मटण एकटाच खातो. आईच्या बाजूचा असणार, असं मी मनाशी धरून चालले होते.

त्या घरात आणखी एक गोष्ट होती. आतल्या भिंतीला, एका जाड खिळ्यावर, जुनी पितळी बॅटरी टांगलेली असायची. काचेला तडा गेलेला, आत सेल नाहीत. तिला कोणी हात लावत नसे. एकदा मी स्टुलावर चढून तिचं बटण दाबलं, तर कधी कुणावर आवाज न चढवणाऱ्या आप्पांनी ती माझ्या हातातून हिसकावून घेतली. त्या दिवशी मी जेवले नाही. काकूंनी खूप समजूत काढली, पण बॅटरीचं काय ते काही सांगितलं नाही.

तर मे महिना. माळ असा तापलेला की चपलेतून चटका बसत होता. नजर जाईल तिथवर काळा दगड, मळकट खुंट आणि मधूनमधून तरवडाची झुडपं. मी झाडं मोजली: काही हिवर, चार बाभळी, बोरींची थोडी जाळी, एक कडुनिंब. साहेबांच्या पुढ्यात एक धाविक पक्षी तुरुतुरु पळत गेला, थांबला, मागे वळून बघून पुन्हा पळाला. साहेबांनी विचारलं, “हा दुर्मीळ आहे का?” मी म्हटलं, “तसा नाही.” ते म्हणाले, “मग राहू द्या.” धाविक राहिला तो असा.

त्या एकुलत्या कडुनिंबाखाली आप्पा बसले होते. मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून सावली करत होती. मी पदर खोचला, फॉर्म काढला आणि सरकारी आवाजात विचारायला सुरुवात केली.

“आप्पा, इथं वाघ आहे का?”

“न्हाई.”

“अस्वल?”

“न्हाई.”

“रानगवा?”

आप्पांनी जरा विचार केला. “एक बैल हाय. पर त्यो घरचा हाय. दावनीला बांदलाय.”

साहेब हसले, मीही हसले. मग मी विचारलं, “आणि इतर?”

आप्पांनी माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं, साहेबांच्या बुटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “काय न्हाई. नुसता खडक हाय. लिव तसं.”

माळावर लांडगे होते हे मला ठाऊक होतं, ते मी लपवणार नाही. पण पाहुण्याचं नाव मी शेवटचं ऐकलं त्याला खूप वर्षं झाली होती, संपले असतील सगळे, अशी मी स्वतःची समजूत घातली. शिवाय साहेबांचा नियम होता की दिसेल किंवा कोणी सांगेल तेवढंच लिहायचं. आणि खरं कारण विचाराल तर ऊन फार होतं आणि मला फॉर्म पुरा करायची घाई होती. मी ‘इतर’च्या पुढे लिहिलं: निरंक. माझं अक्षर चांगलं आहे. फार सुबक आला होता तो शब्द.

पावसाळा गेला आणि अहवालाचा सारांश ग्रामपंचायतीत लागला. त्यात एका पानावर ‘कोळसा’ खोडायचा राहिला होता. ‘कोळशाच्या धुळीचा पिकांवरील परिणाम नगण्य’ असं एक वाक्य तसंच छापून आलं. झालं. दोन दिवसांत गावभर झालं की आपल्या माळाखाली कोळसा सापडला. पारावर रेल्वे येणार की नुसते ट्रक, यावर वाद झाला. ज्यांच्या जमिनीकडे सोयरेसुद्धा ढुंकून बघत नव्हते, ते हात मागे बांधून बांधावरून फेऱ्या मारू लागले. मला हे सगळं काकूंनी फोनवर सांगितलं.

“आगं, कोळसा निगालाय म्हनत्यात. आपल्या चुलीला व्हईल का त्यो?”

मी पोट धरून हसले. मग काकू आवाज उतरवून म्हणाल्या, “आन त्या कागदावर तुझं नाव हाय. आप्पा कालपस्नं जेवलं न्हाईत.”

मी दुसऱ्या दिवशी पहिली एस.टी. धरली. अहवाल वाचला. ‘जमीन पडीक. वन्यप्राणी: निरंक. चराईसाठी वापर: नगण्य.’ खाली क्षेत्रकार्य सहायक म्हणून माझं पूर्ण नाव आणि सही. खाण ज्या पट्ट्यावर होणार होती तो सरकारी माळ म्हणजे आप्पांच्या मेंढरांचं सगळं जग होतं. तिथे सुरुंग लागले की मेंढरं उभी करायला जागा नाही. त्यांचा मुलगा नागापूरच्या एमआयडीसीत पाळीवर जातो आणि तो केव्हाचा मागे लागलाय की विकून टाका. आप्पांना दुसरं काही येत नाही, आणि दुसरं काही यावं अशी त्यांची इच्छाही नाही.

माझा स्वभाव असा की चूक माझी असली तर मी आधी दुसऱ्यावर डाफरते. घरात शिरल्या शिरल्या मी म्हटलं, “तुम्हीच सांगितलंत ना, काही नाही म्हणून? मी काय मनचं लिहिलं?”

“व्हय. म्याच सांगितलं,” आप्पा म्हणाले.

“का पण?”

“तू कागद घिऊन आल्तीस.”

“अहो, मी घरची आहे तुमच्या!”

“घरची हायेस. पर त्या दिशी सायबाच्या अंगानं उबी हुतीस.”

हे मला फार लागलं. काकूंनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला. आप्पा उठले, खिळ्यावरची बॅटरी काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. ज्या वस्तूसाठी मी एके काळी उपाशी राहिले होते ती अशी सहज हातात आली तेव्हा मला भीती वाटली.

“तुझ्या बापाचं लगीन बी झालं नव्हतं,” आप्पा सांगू लागले. “शहरातनं जीप आली. तिघं हुते, बंदुका हुत्या. मला इचारलं, गड्या, पाहुना कुटं ऱ्हातो? मी ईस वर्साचा. सायेब आपल्याशी बोलतोय म्हनून लई हुरळलो. वढ्याच्या कडंला नेलं त्यास्नी, बीळ दावलं. वाळल्या गवताचा धूर केला त्यांनी. चार पिल्लं हुती. चारी काडली.” त्यांनी बॅटरीकडे बोट दाखवलं. “जाताना माझ्या पाटीवर थाप मारली आन ही बॅटरी दिली. मी नाचतच घरी आलो. आमच्या म्हाताऱ्यानं बॅटरी बगितली. खिळा ठोकला आन टांगली. तवापस्नं कागदवाला येऊ दे, जीपवाला येऊ दे, माझं एकच. काय न्हाई, नुसता खडक हाय.”

“आणि पाहुणा? अजून आहे?”

आप्पांनी काकूंकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, “नवरात्रात जेवून गेला की.”

तेव्हा मला उलगडलं की हे एकट्या आप्पांचं नव्हतं. बॅटरीची गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती आणि गावाने तिच्यावरून एक रीत करून घेतली होती. वनखात्याचा माणूस आला, काय नाही. पाहणीवाले आले, काय नाही. गेली कित्येक वर्षं अख्खं गाव मिळून ते एक खोटं इमानाने सांगत आलं होतं, आणि मी ते सुबक अक्षरात लिहून, सही करून, छापून आणलं होतं. मला त्या दिवशी माझ्या चांगल्या अक्षराचा राग आला.

जनसुनावणी शाळेच्या पटांगणात होती. मांडव, खुर्च्या, माईक आणि मागे कंपनीतर्फे भजी. जिल्ह्याहून आलेल्या अधिकारी बाई मधोमध बसल्या होत्या. साहेबांनी सारांश वाचून दाखवला. ‘कोळशाच्या धुळीचा’ हे वाक्य आलं तेव्हा मांडवात हशा पिकला आणि मागून कोणीतरी ओरडलं, “सायेब, कोळसा निगाला तर पयला आमच्या चुलीला!” साहेबांनी घाम पुसला. मग अधिकारी बाईंनी हरकती मागवल्या.

मी उठले. रात्रभर पाठ केलेलं भाषण मी माईकसमोर विसरले. एवढंच म्हणाले, “ही यादी मी केली आहे आणि ती चुकीची आहे.”

साहेब शांतपणे म्हणाले, “मॅडम, सही तुमची आहे. तुम्हाला गावकऱ्यांनीच तसं सांगितलं, तेही तुम्हीच लिहिलंय.”

खरंच होतं ते. कॉलेजात मुलांच्या जर्नलवर लाल शेरे मारणारी मी, सगळ्या गावासमोर तोंड पाडून उभी होते. अधिकारी बाईंनी विचारलं, “माहिती चुकीची आहे याला आधार काय?” आणि मला मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

आप्पा खांद्यावर घोंगडी टाकून पुढे येत होते. ते माईकच्या इतके जवळ गेले की आधी नुसता श्वासच ऐकू आला.

“ही पोरगी खोटं बोलली न्हाई,” ते म्हणाले. “म्या खोटं सांगितलं. माळावर लांडगं हायती.”

आप्पांच्या तोंडून तो शब्द मी जन्मात पहिल्यांदा ऐकला. काकूंनी तोंडाला पदर लावला.

अधिकारी बाई म्हणाल्या, “कशावरून?”

“माझी मेंढरं नेत्यात की. गेल्या दिवाळीपस्नं तीन नेली.”

“मग तुम्ही वनखात्याकडे अर्ज केला का? नुकसानभरपाई मिळते. अर्जाची नोंद असेल तर तोच पुरावा होईल.”

“न्हाई केला.”

“एकदाही नाही? का?”

आप्पांना तो प्रश्नच कळेना. त्यांनी बाईंकडे पाहिलं, अडाणी माणसाला समजावून सांगावं तसं. “पाहुन्याच्या जेवनाची भरपाई कोन मागतं, बाई?”

मग मागच्या रांगेतून एक म्हातारा उठला आणि म्हणाला, “माझी बी दोन नेली.” त्याच्या शेजारची बाई म्हणाली, “आमचं बोकड.” आणि मग बांध फुटला. इतक्या वर्षांचं दाबून ठेवलेलं सगळं बाहेर पडलं. कोणी चिंकारा सांगितला, कोणी तरस, कोणी खोकडाची जोडी, तीही घरच्या पत्त्यासकट. एकाने भरात येऊन वाघही काढला, त्याला दोघांनी हात धरून खाली बसवलं. लिहून घेणाऱ्या कारकुनाने दोनदा पेन बदललं. शेवटी अधिकारी बाईंनी सांगितलं की पाहणी पुन्हा करा, गवत उभं असताना करा आणि मॅडमना सोबत घ्या.

लोक भज्यांकडे वळले. मला वाटलं, आप्पा खूश असतील. पण घरी जाताना ते मान खाली घालून पुढे पुढे चालत होते. ओढ्याजवळ आल्यावर म्हणाले, “आता समद्यास्नी कळलं.” त्यांच्या आवाजात जी धास्ती होती ती मला तेव्हा कळली. माळ वाचवायचा म्हणून त्यांनी पाहुण्याचं नाव चारचौघांत घेतलं होतं, आणि एकदा नाव घेतल्यावर परत जीप आली तर ती कोण अडवणार होतं?

जानेवारीत दुसरी पाहणी झाली. मे महिन्यातला माळ आणि हा माळ एकच आहे हे साहेबांना पटेना. कमरेपर्यंत गवत पिवळंधमक उभं होतं. मी या खेपेला गवताचा रकाना स्वतः पट्टीने आखून आणला होता आणि तो भरता भरत नव्हता: पवन्या, मारवेल, शेडा, कुसळी. ससाण्यासारखे दिसणारे भोवत्या पक्षी दूर देशांतून येऊन त्या गवतावरून अगदी कमी उंचीवर तरंगत होते. ते झाडावर झोपत नाहीत, गवतात जमिनीवर झोपतात, हे सांगितल्यावर साहेब म्हणाले, “म्हणजे गवत तोडलं तर यांचं काय?” मी म्हटलं, “लिहा तेच.” कुसळीने साहेबांचा निकाल लावला. तिचं बी सुईसारखं टोकदार, कापडात घुसलं की आत आतच जातं. साहेबांनी लोकरीचे पायमोजे घातले होते. दुपारपर्यंत ते एक पाय झटकत, एक पाय ओढत चालत होते आणि संध्याकाळी काकूंनी त्यांना ओट्यावर बसवून कंदमुळं सोलावीत तसं एकेक कुसळ काढलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे उजाडता उजाडता आप्पांनी मला हाक मारली. रात्री मुक्कामाला राहिलेले साहेबही उठून बसले तर आप्पा म्हणाले, “तुमी ऱ्हावा. तुमचं पाय दुकत्याल.” मी झोळी खांद्याला लावली. आप्पांनी तिच्याकडे बोट दाखवलं. “कागद हितं ठेव. पेन बी.”

मी झोळी खिळ्याला अडकवली, बॅटरीच्या खाली. कुत्रंही घरी बांधून ठेवलं. वारा समोरून येईल अशा बेताने आप्पांनी मला लांबून वळसा घालून नेलं आणि ओढ्याच्या अलीकडच्या काठावर पोटावर झोपायला सांगितलं. गवताच्या ओल्या बुडख्यांचा वास नाकात जात होता. बराच वेळ काही नाही. मग पलीकडच्या काठाला, मुरमाच्या कपारीतून, एक काळसर गोळा बाहेर आला. त्याच्यामागे दुसरा. त्याच्यामागे तिसरा अडखळून पडला आणि दुसऱ्याचा कान धरून उठला. मादी जरा वर, गवतात बसली होती. तिने आमच्या दिशेने पाहिलं. तिला आम्ही दिसलो असणार, पण ती उठली नाही.

मी आप्पांकडे पाहिलं. ते पिल्लांकडे बघत नव्हते. त्या कपारीकडे बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती. “हीच ती जागा,” ते अगदी हळू म्हणाले. “परत आली. मला वाटलं न्हवतं येत्याल.” मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, लगेच काढून घेतला. थाप मारल्यासारखं वाटेल अशी भीती वाटली मला.

घरी आलो तर साहेब चहा घेत फॉर्म उघडून बसले होते. “दिसलं काही, मॅडम?”

मी पेन घेतलं. लांडगा: आहे. पिल्ले: आहेत. त्यापुढे रकाना होता, ‘बिळाचे ठिकाण, नकाशावर खूण करा’. नकाशा शेजारीच होता, ओढा निळ्या रेघेने काढलेला, आणि ती कपार नेमकी कुठे येते ते मला डोळे मिटूनही सांगता आलं असतं. आप्पा दारात मेंढरांकडे तोंड करून उभे होते. ते वळले नाहीत. मी त्या रकान्यात, आधीसारख्याच सुबक अक्षरात, लिहिलं: निरंक.

साहेबांनी वाचलं. “मॅडम, पिल्लं आहेत आणि बीळ नाही, असं कसं?”

मी काही बोलायच्या आधी काकूच म्हणाल्या, “पाहुना कुटनं येतो ते आमी इचारत न्हाई. अजून चहा घ्या.” साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, आपल्या पायमोज्यांकडे पाहिलं आणि पान उलटलं. माणूस तसा वाईट नव्हता.

त्या यादीनंतर खाणीचा प्रस्ताव परत गेला, एवढं कळलं. कायमचा गेला की दुरुस्त होऊन येणार, ते कोणी नीट सांगत नाही. माळ आहे, मेंढरं आहेत, आणि पारावर अजून एखादा म्हातारा कोळशाची चौकशी करतो.

पिल्लं पाहिली त्या दिवशी मी निघाले तेव्हा आप्पा मला एस.टी.पर्यंत पोचवायला आले. ते कधी येत नाहीत, मेंढरं सोडून. झोळी त्यांनीच धरली होती, कागदांसकट. गाडी आली, मी चढले, आणि त्यांनी खिडकीतून झोळी आत दिली.

“पुढच्या खेपंला,” ते म्हणाले, “कागद आनलास तरी चालंल.”